गोव्याच्या नौदल हवाई संग्रहालयात विमानं कशी पाहावीत

विचारलेला प्रश्न असा आहे: "जानेवारीत कुटुंबासह गोव्याला जातोय. बारा वर्षांच्या मुलाला विमानांचं वेड आहे. दाबोळीजवळचं नौदल हवाई संग्रहालय बघण्यासारखं आहे का? कुणी म्हणतं अर्ध्या तासात उरकतं, उघड्यावर जुनी विमानं उभी आहेत एवढंच. नेमकं काय पाहायचं? आणि ही विमानं छपराखाली का नाहीत, निदान एखादं उडवत का नाहीत?"

जरूर जा, आणि अडीच-तीन तास हातात ठेवून जा. मी नौदलात विमानांच्या सांगाड्याच्या देखभालीचं काम केलं. नोकरी संपल्यावर प्रदर्शनात ठेवलेल्या जुन्या विमानांच्या जतनाच्या कामात पडलो. त्यामुळे हे उत्तर लांबणार आहे.

अर्ध्या तासात उरकणारे लोक प्रत्येक विमानाच्या नाकासमोर उभे राहतात, फोटो काढतात आणि पुढच्या विमानाकडे जातात. नौदलाचं विमान तसं कळत नाही. ते कळतं पोटाखालून, शेपटीकडून आणि पंख जिथे दुमडतात त्या सांध्यापाशी, कारण तिथे जहाजाची गरज दिसते. जमिनीवरून उडणाऱ्या विमानाला दोन-अडीच किलोमीटरची धावपट्टी मिळते. विमानवाहू जहाजावरच्या विमानाचा प्रत्येक भाग मात्र आखूड, हलत्या आणि खाऱ्या पाण्याने भिजलेल्या डेकसाठी बनवलेला असतो.

ती जहाजं आता राहिलेली नाहीत. जुनी 'विक्रांत' ३१ जानेवारी १९९७ रोजी सेवेतून निवृत्त झाली. पुढे बरीच वर्षं ती मुंबईत तरंगतं संग्रहालय म्हणून होती. तुमच्यापैकी अनेकजण शाळेच्या सहलीत तिच्या डेकवर फिरलेही असतील. २०१४ साली ती मुंबईतच दारूखान्याला तोडली गेली. तिच्या पोलादाचा काही भाग बजाजने व्ही-१५ मोटारसायकलसाठी वापरला. 'विराट'साठी तर महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये सिंधुदुर्गात निवतीजवळ समुद्रात संग्रहालय उभारण्याची ८५२ कोटींची योजना मंजूर केली होती. ते घडलं नाही आणि २०२० मध्ये 'विराट' गुजरातमध्ये अलंगला तोडायला गेली. मला याचं आजही वाईट वाटतं. दोन्ही जहाजं गेली तरी त्यांच्यावरची विमानं या आवारात उभी आहेत. डेक किती आखूड होता, लिफ्ट केवढी होती, वाऱ्याचं गणित काय होतं, हे सगळं त्या विमानांच्या अंगावर वाचता येतं. मुलाला एवढंच सांगा की आपण विमानं बघून त्यावरून जहाज कसं होतं ते ओळखायला चाललोय.

संग्रहालय ऑक्टोबर १९९८ मध्ये सुरू झालं. दाबोळीच्या तळाला, म्हणजे आयएनएस हंसाला लागून, बोगमाळो रस्त्यावर आहे. बाहेर विमानं आणि हेलिकॉप्टरं, आत दालनं अशी रचना आहे. सोमवारी बंद असतं. सुरुवात सकाळीच बाहेरून करा, ऊन चढलं की आत जा.

पहिल्यांदा सी हॉककडे चला. राखाडी रंगाचं, सडपातळ, एका माणसाचं जेट. मूळ आराखडा हॉकर कंपनीचा, बांधणी आर्मस्ट्राँग व्हिटवर्थची. नौदलाच्या ३०० क्रमांकाच्या स्क्वाड्रनने, म्हणजे 'व्हाइट टायगर्स'ने, १९६० मध्ये ही विमानं घेतली. १८ मे १९६१ रोजी तेव्हा लेफ्टनंट असलेल्या आर. एच. ताहिलियानींनी याच प्रकारचं विमान 'विक्रांत'वर उतरवलं. पुढे ते नौदलप्रमुख झाले. आता विमानाच्या मागे जा आणि जेटचा धुराडा शोधा. शेपटीच्या टोकाला तो सापडणार नाही. सी हॉकचं इंजिन मध्यभागी आहे आणि त्याचा झोत दोन फाट्यांत विभागून पंखांच्या मागे, दोन्ही कुशींतून बाहेर पडतो. त्यामुळे मागच्या अंगात इंधनाच्या टाकीला जागा मिळाली आणि छोट्या विमानाचा पल्ला वाढला. समुद्रावर जवळपास दुसरा विमानतळ नसतो, तेव्हा जास्तीचं थोडं इंधनसुद्धा वैमानिकाला परत आणू शकतं.

मग शेपटीखाली वाका. तिथे हुक आहे. डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारांपैकी एक त्यात अडकली तर विमान थांबायचं. नाही अडकली तर पुन्हा उडायचं, त्यासाठी चाकं टेकतानाच वैमानिक इंजिनाची ताकद वाढवून ठेवायचा. या उतरण्याला आमच्यात 'ट्रॅप' म्हणतात. हवाई दलाच्या विमानासारखं हळुवार चाक टेकवणं इथे चालत नाही, विमान डेकवर अक्षरशः आपटतं. म्हणून चाकांचे खांब बघा. पालमच्या हवाई दल संग्रहालयात त्याच काळातल्या विमानांचे खांब पाहिले असतील तर फरक लगेच जाणवेल. पोटाखाली पुढच्या बाजूला वाफेच्या कॅटापल्टच्या, म्हणजे विमानाला डेकवरून पुढे फेकणाऱ्या यंत्राच्या, दोरासाठी आकडे असतात. ते बहुतेक लोकांच्या नजरेतून सुटतात, कारण त्यासाठी खरोखर गुडघ्यावर बसावं लागतं.

१९७१ च्या डिसेंबरातली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. 'विक्रांत'च्या चार बॉयलरपैकी एकाला तडे गेले होते आणि त्यामुळे जहाजाचा वेग मर्यादित ठेवावा लागत होता. कॅटापल्टने फेकल्यावर विमान तरंगायला डेकवरून वाहणारा समोरचा वारा लागतो. तो काही निसर्गाकडून येतो आणि काही जहाजाच्या स्वतःच्या वेगातून. जहाज मंदावलं की ही दुसरी वाटणी घटते, आणि जड विमानाला ती कमतरता आधी भोवते. तरीही नौदलाने 'विक्रांत' बंगालच्या उपसागरात नेली आणि ४ डिसेंबरला सी हॉकनी कॉक्स बाजार आणि चितगावावर हल्ले केले. बॉयलरच्या तड्याचा संबंध पंखाच्या आकाराशी कसा पोचतो, हे त्या विमानाखाली उभं राहून मुलाला समजावून सांगा. पुस्तकातल्या दहा पानांपेक्षा ते जास्त लक्षात राहतं.

आता अलिझे. फ्रेंच कंपनी ब्रेगेचं, पाणबुड्या शोधणारं, तीन माणसांचं विमान. माझं सर्वांत आवडतं. ३१० क्रमांकाच्या 'कोब्रा' स्क्वाड्रनने ते १९६१ मध्ये फ्रान्समधल्या इएर इथे घेतलं. पुढे पंखा आणि त्यामागे रोल्स-रॉइस डार्ट इंजिन. हेच इंजिन इंडियन एअरलाइन्सच्या व्हायकाउंट, फोकर फ्रेंडशिप आणि ॲव्हरो विमानांत होतं. सत्तरच्या-ऐंशीच्या दशकात ॲव्हरोने कुठे प्रवास केलेले आजोबा सोबत असतील तर त्या इंजिनाची शीळ त्यांच्या कानात अजून असेल. पंखांच्या पुढे डोकावणारे दोन फुगीर डबे दिसतील. आत चाकं दुमडायची आणि पुढच्या भागात सोनोबॉय, म्हणजे पाण्यात टाकून पाणबुडीचा आवाज ऐकायची यंत्रं, भरलेली असायची. एका जागेत दोन कामं उरकायची ही जहाजावरच्या विमानाची जुनी सवय. पोटाखाली रडारचा घुमट आहे. शोध घेताना तो खाली सरकायचा, उतरताना आत ओढला जायचा.

आणि पंख. अलिझेचे पंख जवळजवळ अर्ध्यावरून वर दुमडतात. 'विक्रांत'ची लांबी सुमारे २१३ मीटर, आणि तिच्या पोटातल्या हँगरमध्ये विमानं लिफ्टने उतरवायची. लिफ्टची रुंदी ठरलेली. म्हणजे विमान किती रुंद असावं हे शेवटी लिफ्टने ठरवलं. मी तांत्रिक माणूस असल्यामुळे मला पंखांपेक्षा त्यांचा सांधा जास्त दिसतो. उड्डाणातला सगळा भार ज्या पंखातून जातो तोच पंख मधोमध तोडून बिजागरीवर बसवायचा, कुलूपखिळ्या लावायच्या, आणि त्यातून हायड्रॉलिकच्या नळ्या आणि तारा वळवून न्यायच्या. या सांध्याची तपासणी दररोज करावी लागते. तिथे मीठ साचतं, वंगण धुऊन जातं, आणि खिळीभोवतीच्या कोनाड्यात हात पोचत नाही. मुलाला कागद-पेन्सिल देऊन प्रत्येक विमानाचा हा सांधा काढायला सांगा. कुठलं विमान कुठे दुमडतं, कुठलं दुमडतच नाही, आणि का, हे त्याचं त्याला कळेल.

१० डिसेंबर १९७१ रोजी अरबी समुद्रावर एक अलिझे पाकिस्तानच्या एफ-१०४ स्टारफायटरने पाडलं. त्यातले तिघेही परतले नाहीत. पंख्याचं, संथ, पाण्यालगत उडणारं टेहळणी विमान आणि आवाजाच्या दुप्पट वेगाचं लढाऊ विमान यांची ती गाठ होती. अलिझेच्या आसनांकडे बघताना हे मनात असू द्या. तिथे तिघं बसायचे, आणि तासन्‌तास रिकाम्या समुद्राकडे बघणं हे त्यांचं काम होतं.

सी हॅरियरला, म्हणजे सरळ वरून खाली उतरू शकणाऱ्या जेटला, गर्दी असते आणि ते योग्यच आहे. पण इथेसुद्धा आधी शेपटीखाली जा. हुक नाही! सी हॉक आणि अलिझे बघून आलेल्या मुलाच्या हे ताबडतोब लक्षात येईल. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली सी हॅरियर इंग्लंडहून दाबोळीला आली आणि त्याच महिन्यात अरुण प्रकाश यांनी एक 'विक्रांत'वर उभं उतरवलं. पुढे तेही नौदलप्रमुख झाले. अंगाला दोन्ही बाजूंना मिळून चार तोंडं आहेत. पुढच्या दोघांतून इंजिनाच्या पंख्याची तुलनेने थंड हवा येते, मागच्या दोघांतून तापलेला झोत. मागच्या तोंडांभोवतीचा पत्रा वेगळा दिसेल, कारण तो उष्णता सोसणारा आहे. चारही तोंडं एकत्र फिरतात, मागे वळवली की विमान पुढे जातं आणि खाली वळवली की अधांतरी थांबतं. अधांतरी असताना पंख आणि शेपूट यांच्यावरून हवा वाहत नसते, म्हणून नेहमीची सुकाणूपाती निकामी ठरतात. त्यावर उपाय म्हणून नाक, शेपूट आणि पंखांची टोकं इथे बारीक झडपा ठेवल्या आहेत, त्यांतून दाबाची हवा सोडून तोल सांभाळायचा. त्या झडपा शोधायला मुलाला लावा. विमानात पाण्याची टाकीही असते. उतरताना इंजिनात शुद्ध पाणी फवारून जास्तीची ताकद काढतात, पण ते पाणी जेमतेम दीड मिनिट पुरतं. तेवढ्यात वैमानिकाने डेकवर यायचं.

चाकं पाहा: मुख्य चाकं पोटाखाली एका ओळीत आणि तोल राखायला पंखांच्या टोकाकडे दोन छोटी. इंजिन आणि त्याची तोंडं पोटाच्या मधोमध बसल्यामुळे नेहमीच्या ठिकाणी चाकांना जागाच उरली नाही. सी हॅरियर आल्यामुळे जहाजही बदललं. 'विक्रांत'चा कॅटापल्ट गेला आणि पुढच्या टोकाला वर वळलेला उतार आला. ११ मे २०१६ रोजी याच गोव्यात सी हॅरियरला निरोप दिला गेला.

मोठ्या विमानाकडे न सांगताही जाल, ते दुरूनच दिसतं. लॉकहीड सुपर कॉन्स्टेलेशन. चार इंजिनं, तीन शेपट्या आणि माशासारखं वळणदार अंग. एअर इंडियाने आपल्या सुपर कॉन्स्टेलेशनना 'राणी ऑफ झाँशी' अशी राण्यांची नावं दिली होती. जेट विमानं आल्यावर ती हवाई दलाकडे गेली, तिथे पुण्याच्या लोहगाव तळावरच्या ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने त्यांच्याकडून सागरी टेहळणी करून घेतली, आणि १९७६ मध्ये ती नौदलाला मिळाली. प्रवासी राणीपासून पाणबुड्यांवर नजर ठेवणारं विमान, आणि त्या वाटेवर पुण्यातली वर्षं. लोहगावच्या आसपास वाढलेल्या जुन्या पुणेकरांनी ही तीन शेपट्यांची आकृती डोक्यावरून जाताना पाहिलेली आहे.

त्याच्या इंजिनांपाशी थांबा. प्रत्येकात १८ सिलिंडर, दोन वर्तुळांत नऊ-नऊ. बाहेर जाणाऱ्या धुरातली ऊर्जासुद्धा टर्बाइनने पकडून पुन्हा मुख्य दांड्याला जोडलेली. पिस्टन इंजिनाची कला इथे कळसाला पोचली आणि लगेच संपली, कारण जेट आलं. या इंजिनांची देखभाल हे अतिशय किचकट काम होतं. ज्यांनी ते केलं त्या तंत्रज्ञांविषयी मला फार आदर आहे. फलकावर विमानाचं नाव असतं, वैमानिकांचं कधीकधी असतं, पण रात्रभर शिडीवर उभं राहून सिलिंडर बदलणाऱ्यांचं कुठेच नसतं.

याच भूमीचा एक संदर्भ. दाबोळीचा विमानतळ पोर्तुगिजांनी बांधला. १८ डिसेंबर १९६१ रोजी पुण्याहून उडालेल्या कॅनबेरा विमानांनी त्याच्या धावपट्टीवर बाँब टाकले. इमारती आणि तिथे उभी असलेली प्रवासी विमानं मुद्दाम वगळली होती. त्या विमानांत कॉन्स्टेलेशन घराण्यातलं एक होतं, आणि रात्रीच्या अंधारात उरलेल्या आखूड धावपट्टीवरून ते निसटलं. १९६४ मध्ये हंसा तळ तमिळनाडूतल्या सुलूरहून इथे आला.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. शॉर्ट सीलँड हे बोटीसारख्या तळाचं, पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणारं विमान. १९५३ मध्ये कोचीला आलेलं नौदलाचं पहिलं विमान हेच. जगात हा प्रकार मोजकाच उरला आहे, म्हणून संग्रहातल्या सर्वांत मोलाच्या वस्तूंत मी ते धरतो, दिसायला ते कितीही साधं असो. फायरफ्लाय हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं विमान, आपल्या नौदलात ते तोफखान्याच्या सरावासाठी मागे लक्ष्य ओढत उडायचं. कामोव्ह-२५ हेलिकॉप्टरला शेपटीचा पंखा नाही, कारण डोक्यावरचे दोन पंखे एकमेकांच्या उलट फिरून वळण्याचा जोर रद्द करतात. लांब शेपूट नसल्यामुळे ते विनाशिकेच्या छोट्या डेकवर मावतं. इथेही पुन्हा जहाजच.

एचटी-२ या छोट्या, दोन आसनी प्रशिक्षण विमानापाशी मात्र मराठी माणसाने जरा रेंगाळावं. हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये विष्णु माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली हे घडलं आणि १९५१ मध्ये उडालं. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले घाटगे जर्मनीत ग्योटिंगनला गेले आणि वायुगतिशास्त्राचा पाया घालणाऱ्या लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. परत येऊन त्यांनी नवख्या देशातल्या नवख्या कारखान्यात विमान बनवलं. पुढे किरण जेटच्या आराखड्यामागेही तेच होते, आणि याच दाबोळीवरून नौदलाचे वैमानिक वर्षानुवर्षं किरणवर शिकले. फलकावर हे सगळं सापडेलच असं नाही, म्हणून मुलाला तुम्ही सांगा.

आता छपराचा प्रश्न. तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, कारण हे बोललं गेलं पाहिजे. उघड्यावर ठेवलेलं विमान दररोज थोडं थोडं मरत असतं. गोव्यात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, समुद्र हाकेच्या अंतरावर, हवेत बाराही महिने मीठ. विमानाचा पत्रा तांबं मिसळलेल्या ॲल्युमिनियमचा असतो. तो मजबूत असतो पण गंजाला लवकर बळी पडतो. हा गंज लाल नसतो, पांढरी भुकटी असते, आणि बहुतेक वेळा रंगाच्या आतच वाढते. रंगावर फुगवटे दिसले, रिव्हेटच्या ओळीभोवती रंग उचललेला दिसला, की आत धातूचे पापुद्रे सुटू लागले असं समजायचं. ॲल्युमिनियममध्ये पोलादी बोल्ट घुसतो तिथे खारट ओलावा मिळाला की दोन धातूंमध्ये बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम झिजतं. मॅग्नेशियमच्या ओतीव भागांची गत आणखी वाईट. जुनी चाकं, हेलिकॉप्टरच्या गिअरपेट्या, यांत ते असतं आणि खाऱ्या हवेत ते भुगा होऊन गळतं.

व्हँपायरकडे बघताना हे विशेष लक्षात घ्या. दोन शेपटदांड्यांचं हे जेट आहे, पण त्याच्या पुढच्या अंगाचा सांगाडा लाकडी आहे. प्लायवूडच्या पातळ थरांमध्ये बाल्सा लाकूड, सगळं चिकटवून साच्यात वळवलेलं. लाकूड पाणी पितं, फुगतं, सांधे उकलतात, वाळवी लागते. धातूचा गंज बाहेरून निदान कळतो, लाकडाचा आजार रंगाखाली झाकला जातो. कुठल्याही संग्रहालयाने पहिलं छप्पर कुणाला द्यायचं असं मला विचारलं तर मी व्हँपायरचं नाव घेईन आणि त्यानंतर सीलँडचं. सुपर कॉन्स्टेलेशनला छप्पर द्यायचं म्हणजे साडेसदतीस मीटर पंखविस्तार मावेल एवढं हँगर बांधायचं. तो खर्च मोठा आहे हे खरं, पण बाकीच्या विमानांसाठी साधी उंच, बाजूंनी उघडी शेडसुद्धा आयुष्य कितीतरी वाढवते. ऊन अडलं तरी टायर आणि वैमानिकाच्या डोक्यावरचं काचेसारखं पारदर्शक छत्र वाचतं.

छप्पर येईपर्यंत करण्याजोगं बरंच असतं आणि त्याला फार पैसा लागत नाही. विमानाच्या पोटाला पाणी निथळायची भोकं असतात. ती माती, पानं आणि पक्ष्यांच्या घरट्यांनी बुजली की आत पाणी साचतं, म्हणून पावसाआधी आणि पावसानंतर ती मोकळी करायची. हवेची तोंडं जाळीने बंद करायची, पण पूर्ण हवाबंद करायची नाहीत, नाहीतर आत दमट कोंडवाडा होतो. गोड्या पाण्याने धुवायचं. भार टायरवर न ठेवता आधारांवर घ्यायचा.

आणि रंग. याबद्दल मी नेहमी भांडत आलोय. पाहुणे येणार म्हणून विमानावर घाईने नवा रंग मारणं म्हणजे देखभाल, असा समज फार पसरलेला आहे. एका ठिकाणी मी एका विमानावरची सगळी मूळ अक्षरं नव्या रंगाखाली गेलेली पाहिली: इंधन भरायच्या जागा, सावधानतेच्या खुणा, स्क्वाड्रनचं चिन्ह, आधीच्या रंगाचे थर. त्या थरांमधून विमान कुठल्या तुकडीत होतं, कधी दुरुस्तीला गेलं, कुठे त्याला ठिगळ बसलं हे कळत होतं. नवा रंग गंजावरच बसला होता, त्यामुळे तो दोन पावसाळेही टिकला नाही. आधी मोजमापं आणि फोटो घ्यायचे, मग गंज काढायचा, मग प्रायमर द्यायचा, आणि मूळ खुणा होत्या तिथे, होत्या तेवढ्याच मापाच्या पुन्हा काढायच्या. हे संथ काम आहे आणि ते ज्यांनी ती विमानं हाताळली त्या निवृत्त लोकांना सोबत घेऊन केलं तर उत्तम होतं. ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत.

उडवत का नाहीत, याचं उत्तर छोटं आहे. विमान प्रदर्शनात ठेवण्याआधी त्यातला धोका काढून टाकतात. आसन फेकणाऱ्या यंत्रणेतल्या स्फोटक कुप्या, दाबाच्या बाटल्या, इंधन, तेल सगळं काढलं जातं, बऱ्याचदा इंजिनाचे उपयोगी भागही. त्यातून ते वर्षानुवर्षं खाऱ्या हवेत उभं राहिलेलं असतं. ते पुन्हा उडण्याजोगं करणं म्हणजे जवळजवळ नवं बांधणं. हवाई दलाकडे जुनी विमानं उडवणारी तुकडी आहे, तिचं २०१८ मध्ये दाखल झालेलं 'परशुराम' डकोटा तुम्ही संचलनात पाहिलं असेल. डकोटाचे सुटे भाग जगभर अजून मिळतात म्हणून ते शक्य होतं. अलिझेचे भाग कोण देणार? आणि एखाद्या प्रकाराची दोन-चारच विमानं जगात उरली असतील तर त्यातलं एक हवेत नेऊन गमावण्याची जोखीम घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कॉकपिट बंद का असतात असंही मुलं विचारतात. जुन्या विमानांच्या डायलवर अंधारात चमकणारा रेडियमचा लेप असायचा, आणि काही भागांत ॲस्बेस्टॉस. बंद ठेवलेलंच बरं.

आतल्या दालनांत घाई करू नका, पण तिथलं सगळं वाचत बसायचीही गरज नाही. जहाजांच्या प्रतिकृती मात्र नीट बघा, आणि शक्यतो बाहेरची विमानं पाहून झाल्यावर बघा. मुलाने काढलेले पंखांचे सांधे, हुक आणि आकडे प्रतिकृतीच्या डेकवर कुठे लागू पडतात ते त्याला शोधू द्या: तारा कुठे, लिफ्ट कुठे, कॅटापल्ट कुठे.

विमानांवर चढू नका, पत्र्यावर टेकू नका, मुलांना पंखावर बसवून फोटो काढू नका. जुना पत्रा वरून धड दिसतो आणि आतून पापुद्रा झालेला असतो. आवारात नौदलाचं कुणी भेटलं तर प्रश्न विचारा, ही माणसं मनापासून सांगतात. आणि फोटो काढालच, तर शेपटीवरचा क्रमांक दिसेल असा एक, पोटाखालून एक, आणि रंगातल्या बारीक अक्षरांचे जवळून काही काढा. तारखेसकट जपून ठेवा. विमानाचं जतन करायला बसलं की दहा वर्षांपूर्वी या पत्र्यावर नेमकं काय लिहिलं होतं हा प्रश्न येतोच, आणि अनेकदा त्याचं उत्तर कुणा पर्यटकाच्या फोटोतच मिळतं.